बिल्ला, मोती आणि शपथ
अमेरिकेतील विद्यार्थिनींच्या भगिनीसंघांची चिन्हे व परंपरा



ज्या बाईंच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले. इतिहास शिकवताना राजांच्या वंशावळीपेक्षा माणसे एकत्र कशी येतात आणि एकत्र आल्यावर काय करतात, याकडे त्यांचे अधिक लक्ष असे. आजचा विषय निवडताना त्यांची ती दृष्टी माझ्यासमोर होती.

विषय थोडा परका वाटेल. अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींचे संघ असतात. त्यांची नावे ग्रीक अक्षरांची असतात. प्रत्येकीचा वेगळा बिल्ला, वेगळे रंग, वेगळे फूल, वेगळी शपथ. दुरून पाहणाऱ्याला हा तरुणपणीचा हौसेचा खेळ वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु या खेळाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. ज्यांना एखाद्या संस्थेत येऊ तर दिले, पण आपले मानले नाही, त्यांनी आपलेपणा कसा निर्माण करावा? आणि तो एकदा निर्माण झाल्यावर त्याचे दार कोणासाठी उघडे ठेवावे? गुजरातेत राहून पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न अगदीच अनोळखी नाही. म्हणून आपण तो दूरच्या उदाहरणावरून पाहू.

१. स्वसृ आणि सोरोर

प्रथम शब्दाचा विचार करू. या संघांना इंग्रजीत ‘सोरोरिटी’ म्हणतात. हा शब्द ‘सोरोर’ या लॅटिन शब्दापासून आला. सोरोर म्हणजे बहीण. संस्कृतातील ‘स्वसृ’ आणि लॅटिनमधील ‘सोरोर’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, हे भाषाशास्त्राने कधीच सिद्ध केले आहे. ‘भ्रातृ’ आणि ‘फ्रातेर’ यांचे नातेही तसेच. त्या फ्रातेरवरून मुलग्यांच्या संघांना ‘फ्रॅटर्निटी’ हे नाव पडले. म्हणून आज मी सोरोरिटीला सरळ ‘भगिनीसंघ’ म्हणणार आहे.

मुलग्यांचे संघ जुने. फाय बीटा कप्पा हा ग्रीक अक्षरांचा पहिला संघ १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाला. त्या काळी उच्च शिक्षणात मुलींना प्रवेशच नव्हता. ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयाने १८३७ मध्ये चार मुलींना पदवीच्या अभ्यासक्रमात घेतले, आणि त्यानंतर हळूहळू इतर दारे किलकिली झाली. मात्र वर्गात बाक मिळाला म्हणजे स्थान मिळाले असे नव्हते. वादसभा, वाचनालये, संघ ही महाविद्यालयाची खरी अंतर्गृहे होती, आणि तेथे मुलगेच मुलगे होते.

१८६७ साली २८ एप्रिल रोजी इलिनॉय राज्यातील मॉन्मथ महाविद्यालयात १२ मुलींनी आय. सी. सोरोसिस नावाचा संघ काढला. सोनेरी बाण हे त्यांचे चिन्ह. हाच संघ पुढे १८८८ मध्ये पाय बीटा फाय या ग्रीक नावाने ओळखला जाऊ लागला. तीन वर्षांनी, १८७० च्या जानेवारीत, इंडियाना राज्यातील ॲस्बरी विद्यापीठात (आजचे डीपॉ विद्यापीठ) कप्पा आल्फा थीटा स्थापन झाला. त्याच्या स्थापनेची हकीकत बोलकी आहे.

बेटी लॉक ही तेथील एका प्राध्यापकाची मुलगी. विद्यापीठाने मुलींना प्रवेश देऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मुलींचे येणे अनेकांना रुचले नव्हते. मुलग्यांच्या एका संघाने तिला आमचा बिल्ला अंगावर लाव, असे सुचवले. म्हणजे बिल्ला मिरवायचा, पण सभासदत्व नाही. बेटीने विचारले, मला सभासद का करत नाही? ते शक्य नव्हते. तेव्हा तिने बिल्ला नाकारला. त्या संघाने मग सद्भावना म्हणून तिला चांदीची केकची टोपली भेट दिली. टोपली तिने घेतली की काय, हा प्रश्न गौण आहे. महत्त्वाचे हे, की तिने तीन मैत्रिणींना घेऊन स्वतःचा संघ काढला आणि स्वतःचा बिल्ला घडवला. त्या चौघी मार्च महिन्यात तो पतंगाच्या आकाराचा बिल्ला लावून विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात सर्वांसमक्ष गेल्या.

दुसऱ्याचा बिल्ला मिरवणे आणि स्वतःचा बिल्ला लावणे, यांतील फरक त्या वयातही त्या मुलींना नेमका कळला होता. आजच्या विषयाचे बीज मला या प्रसंगात दिसते.

‘सोरोरिटी’ हा शब्द मात्र त्यानंतर आला. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूझ विद्यापीठात १८७४ साली गॅमा फाय बीटा हा संघ निघाला. तेथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांना मुलींच्या संघाला ‘फ्रॅटर्निटी’ म्हणणे विसंगत वाटले, आणि त्यांनी हा नवा शब्द सुचवला. तोवर मुली स्वतःला निःसंकोचपणे ‘फ्रॅटर्निटी’च म्हणवत होत्या, आणि काही जुने संघ अधिकृत नावात आजही तेच म्हणतात.

हाच काळ आपल्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस पोहोचल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी नंतर अमेरिकेतील आपल्या वास्तव्यावर मराठीत ग्रंथ लिहिला आणि तो १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांचे शिक्षण, त्यांच्या सभा आणि त्यांच्या संस्था यांवर त्या ग्रंथात सविस्तर लेखन आहे. स्त्रिया स्वतःहून संस्था काढतात, वर्गणी गोळा करतात, ठराव करतात, याचे रमाबाईंना जे अप्रूप वाटले, त्याच वातावरणात आपले हे भगिनीसंघ वाढत होते.

२. चिन्हे कशी घडली

आता चिन्हांकडे वळू. प्रत्येक संघाच्या परंपरेचे साधारणपणे पाच घटक असतात : बिल्ला, रंग, फूल, बोधवाक्य आणि दीक्षाविधी. बिल्ला हा त्यांतला सर्वांत जुना. पाय बीटा फायचा बाण, थीटाचा पतंग, आणि मॉन्मथमध्येच १८७० च्या ऑक्टोबरात निघालेल्या कप्पा कप्पा गॅमाची सोन्याची किल्ली. कप्पाच्या मुखपत्राचे नावही ‘गोल्डन की’ असेच होते. १८८२ पासून निघालेले हे भगिनीसंघाचे पहिले नियतकालिक. एका लहानशा दागिन्याने एका नियतकालिकाला नाव दिले, आणि त्या नियतकालिकाने गावोगाव पांगलेल्या पदवीधर भगिनींना एकमेकींची खबर दिली. चिन्हाचे काम शोभेपलीकडे कसे जाते, ते येथे दिसते.

बाण, किल्ली, पतंग या वस्तू पाहिल्या, तर घरकामाशी जोडलेली एकही वस्तू त्यांत नाही. अर्थात या आकारांचे आतले अर्थ सभासदांनाच सांगितले जातात, आणि बाहेरच्याने ते उकलण्याचा आव आणू नये. पण बाहेरून दिसते तेवढेही पुरेसे आहे. मुलींना बक्षीस म्हणून टोपली देण्याच्या काळात त्यांनी स्वतःसाठी किल्ली आणि बाण निवडले.

गुप्ततेविषयी दोन शब्द. दीक्षाविधी बंद दाराआड होतो, शपथ बाहेर उच्चारली जात नाही, बोधवाक्याचा अर्थ सांगितला जात नाही. हे सारे मुलग्यांच्या संघांकडून घेतलेले. परंतु मुलींच्या बाबतीत गुप्ततेला आणखी एक अर्थ होता. ज्या मुलीच्या पत्रांवर, भेटीगाठींवर, येण्याजाण्याच्या वेळांवर वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांची नजर असे, तिच्यापाशी स्वतःचे असे एखादे गुपित असणे ही मोठीच मिळकत होती. आपल्याकडे मंगळागौरीच्या रात्री पुरुषांना माजघरात मज्जाव असे; त्या जागरणातील मोकळेपणा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०२ मध्ये या संघांची एक आंतरसंघीय परिषद स्थापन झाली. संघ वाढले, घरे बांधली गेली, संपत्ती आली. काहींनी लोकोपयोगी कामेही हाती घेतली. पाय बीटा फायने १९१२ मध्ये टेनेसीच्या डोंगराळ भागात, गॅटलिनबर्ग येथे शाळा काढली आणि ती मोठ्या निष्ठेने चालवली. मात्र याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. वगळल्या गेलेल्या मुलींनी काढलेले संघ आता इतर मुलींना वगळू लागले होते. ज्यू मुलींना त्यांत सहसा प्रवेश नसे. म्हणून न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात १९०९ साली ज्यू विद्यार्थिनींनी आल्फा एप्सिलॉन फाय हा वेगळा संघ काढला. कृष्णवर्णीय मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता.

३. हॉवर्ड विद्यापीठातील वीस मोती

वॉशिंग्टन शहरातील हॉवर्ड विद्यापीठ हे गुलामगिरीच्या अंतानंतर, १८६७ मध्ये स्थापन झालेले, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ. तेथे एथेल हेजमन नावाची सेंट लुईसची विद्यार्थिनी शिकत होती. एथेल रॉबिन्सन या ब्राउन विद्यापीठातून पदवी घेतलेल्या अध्यापिकेने तिला तेथील भगिनीसंघांविषयी सांगितले, आणि आपल्याकडेही असे काही असावे ही कल्पना तिच्या मनात रुजली. १५ जानेवारी १९०८ रोजी आल्फा कप्पा आल्फा हा कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचा पहिला ग्रीक अक्षरी संघ जन्मास आला. फिका गुलाबी आणि कोवळा हिरवा हे त्याचे रंग, आणि आयव्हीच्या वेलीचे पान हे चिन्ह. आयव्ही ही भिंतीला धरून चढणारी, बारमाही हिरवी वेल. जुन्या विद्यापीठांच्या भिंती तिने झाकलेल्या असतात. ज्या मुलींना त्या भिंतींच्या आत सहजी प्रवेश नव्हता, त्यांनी ते पान आपलेसे केले.

या संघाच्या बिल्ल्यावर २० मोती असतात. १९०८ च्या आरंभी एकत्र आलेल्या ९ जणी, त्यांना त्याच वर्षी येऊन मिळालेल्या ७ जणी आणि १९१३ मध्ये संघाची कायदेशीर नोंदणी करणाऱ्या गटातील ४ जणी, अशा २० संस्थापिकांचे ते मोती. दागिना म्हणजे येथे नामावलीच झाली. आपल्या आज्या पोतीच्या प्रत्येक पदराची कथा सांगत, तशी या संघातील वडीलधाऱ्या स्त्रिया नव्या मुलींना एकेका मोत्यामागची बाई सांगतात. त्या २० जणींत ल्युसी डिग्ज स्लो होती. तिने १९१७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत अजिंक्यपद मिळवले आणि १९२२ मध्ये ती हॉवर्डची पहिली महिला-अधिष्ठाता झाली.

पण चिन्हे एकदा ठरली, म्हणजे सर्वांनी ती मुकाट्याने स्वीकारावीत, असा कोठे नियम आहे? १९१२ मध्ये विद्यापीठात शिकत असलेल्या २२ सभासद मुलींना संघाचे स्वरूप अपुरे वाटू लागले. संघाने अधिक सार्वजनिक काम करावे, राष्ट्रीय स्वरूप घ्यावे आणि त्यासाठी नाव, रंग, चिन्हे बदलावीत, असा त्यांचा आग्रह होता. माजी अध्यक्षा नेली क्वाँडर यांनी या बदलास विरोध केला. आधीच्या भगिनींनी जे उभारले, ते मोडण्याचा अधिकार आजच्या सभासदांना नाही, ही त्यांची भूमिका. मुली नमल्या नाहीत. १३ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी डेल्टा सिग्मा थीटा हा संघ स्थापन केला. किरमिजी आणि सायीचा हे त्यांचे रंग, आफ्रिकन व्हायोलेट हे फूल. त्यानंतर सोळाच दिवसांनी, २९ जानेवारीला, क्वाँडर आणि त्यांच्या सहकारिणींनी मूळ संघाची कायदेशीर नोंदणी करून घेतली.

या वादात कोणाची बाजू घ्यावी, असा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याला होतो. मला दोन्ही बाजूंत सत्यांश दिसतो. वारसा जपणाऱ्या नसत्या, तर २० मोत्यांची नामावली उरली नसती. बदल मागणाऱ्या नसत्या, तर पुढील प्रकरण घडले नसते.

४. ३ मार्च १९१३

अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, ३ मार्च १९१३ रोजी, वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर मताधिकारासाठी स्त्रियांची भव्य मिरवणूक निघाली. हजारो स्त्रिया तीत सामील झाल्या. अग्रभागी पांढऱ्या घोड्यावर इनेझ मिलहॉलंड होती. रस्त्याच्या दुतर्फा जमलेल्या पुरुषांच्या जमावाने मिरवणुकीवर धक्काबुक्की केली, टोमणे मारले, रस्ता अडवला. पोलिसांनी पुरेसे संरक्षण दिले नाही, आणि अनेकींना रुग्णालयात न्यावे लागले.

संयोजकांना आणखी एक चिंता होती. कृष्णवर्णीय स्त्रिया सामील झाल्या, तर दक्षिणेकडील गौरवर्णीय स्त्रिया नाराज होतील, ही ती चिंता. त्यामुळे कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे, वेगळे चालावे असे सुचवले गेले. शिकागोच्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी ते मानले नाही आणि त्या आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत जाऊन चालल्या. अशा वातावरणात डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली त्या मिरवणुकीत उतरल्या. संघ स्थापन होऊन दोन महिनेही पुरे झाले नव्हते. त्यांच्यासोबत मेरी चर्च टेरेल या ज्येष्ठ समाजसेविका होत्या. याच टेरेलबाईंनी पुढे १९१४ मध्ये या संघाची शपथ लिहून दिली.

या घटनाक्रमाकडे मी आपले विशेष लक्ष वेधते. आधी कृती झाली, शपथ नंतर लिहिली गेली. डेल्टाच्या भगिनी आजही ती मिरवणूक आपले पहिले सार्वजनिक कार्य म्हणून सांगतात. १९८१ मध्ये संघाने त्या मिरवणुकीचे स्मरण म्हणून वॉशिंग्टनमध्ये संचलन केले, तेव्हा संस्थापिकांपैकी बर्था पिट्स कॅम्पबेल वयाच्या नव्वदीनंतर त्याच्या अग्रभागी होत्या. २०१३ मध्ये शताब्दीच्या वर्षी हजारो भगिनी पुन्हा त्याच रस्त्यावरून चालल्या. परंपरा या शब्दाचा याहून स्वच्छ अर्थ मला ठाऊक नाही.

त्या मताधिकाराचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९२० मध्ये घटनादुरुस्तीने अमेरिकन स्त्रियांना मताधिकार मिळाला. परंतु दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना तो प्रत्यक्षात बजावता येण्यासाठी १९६५ च्या मताधिकार कायद्याची वाट पाहावी लागली. १९१३ मध्ये चाललेल्या मुली तोवर साठी-सत्तरीच्या झाल्या होत्या.

आपल्या बडोद्याच्या श्रोत्यांना १९१३ हे साल दुसऱ्या एका कारणाने परिचित आहे. महाराज सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर नावाचा तरुण त्याच वर्षी जुलै महिन्यात न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. हॉवर्डच्या मुली आणि तो तरुण यांची कोठे गाठ पडली, असे मी सुचवत नाही. पण ज्ञानमंदिरात प्रवेश मिळाला तरी मान मिळतोच असे नाही, हा अनुभव त्या वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना सारखाच होता. आणि त्यापूर्वी दोनच वर्षे, १९११ मध्ये, महाराणी चिमणाबाईंनी सिद्धमोहन मित्र यांच्यासह भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. स्त्रियांनी संघटित व्हावे हा विचार या नगरीला तेव्हाही नवा नव्हता.

५. बिल्ल्याखाली केलेले काम

कृष्णवर्णीय भगिनीसंघांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांचे सभासदत्व पदवीदानाबरोबर संपत नाही. पदवीधर भगिनींच्या शाखा गावोगाव असतात आणि संघाचे मोठे काम त्याच करतात. या संघांत पुढे आणखी दोन मोठ्या संघांची भर पडली : १९२० मध्ये हॉवर्डमध्येच झीटा फाय बीटा, आणि १९२२ मध्ये इंडियानापोलिस येथे सात शिक्षिकांनी काढलेला सिग्मा गॅमा ऱ्हो. १९३० मध्ये अशा संघांची स्वतःची परिषद स्थापन झाली.

या कामाचे एकच उदाहरण जरा विस्ताराने देते. १९३५ च्या उन्हाळ्यात आल्फा कप्पा आल्फाने मिसिसिपी राज्यातील अत्यंत दरिद्री अशा कापूसपट्ट्यात आरोग्यसेवेचे काम सुरू केले. डॉ. डोरोथी फेरेबी या त्याच्या प्रमुख. डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका अशा भगिनी आपापली रजा खर्ची घालून तेथे गेल्या. रेल्वेत सन्मानाने प्रवास करणे दुरापास्त असल्यामुळे त्या स्वतःच्या मोटारी चालवत शेकडो मैल गेल्या. तेथे गेल्यावर दुसरीच अडचण उभी राहिली. मळ्यांचे मालक आपल्या कुळांना दवाखान्यापर्यंत येऊ देईनात. तेव्हा या स्त्रियांनी त्याच मोटारींचे फिरते दवाखाने केले आणि त्या मळ्यामळ्यांतून हिंडल्या. देवी आणि घटसर्प यांच्या लशी टोचल्या, मुलांचे दात तपासले, आयांना आहाराविषयी सांगितले. सुमारे सात उन्हाळे हे काम चालले.

विद्यापीठाच्या आवारात हौसेने लावलेला आयव्हीचा बिल्ला त्या धुळीच्या रस्त्यांवर गेला, तेव्हा त्याला जो अर्थ आला, तो कोणत्याही दीक्षाविधीने आला नसता. डेल्टाच्या इतिहासातही अशी नावे आहेत. डोरोथी हाईट १९४७ पासून काही वर्षे तिच्या राष्ट्रीय अध्यक्षा होत्या आणि पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत अग्रभागी राहिल्या. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम आणि टेक्ससच्या बार्बरा जॉर्डन याही डेल्टाच. आणि जिची आई तमिळनाडूची, त्या कमला हॅरिस १९८६ मध्ये हॉवर्डमध्ये आल्फा कप्पा आल्फाच्या सभासद झाल्या. २०२१ ते २०२५ या काळात त्या अमेरिकेच्या उपाध्यक्षा होत्या. त्यांच्या गळ्यातील मोत्यांकडे जगाने दागिना म्हणून पाहिले; ज्यांना २० मोत्यांची कथा ठाऊक होती, त्यांनी ते निराळ्या नजरेने पाहिले.

आज आपण स्मृतिव्याख्यानासाठी जमलो आहोत, म्हणून आणखी एका परंपरेचा उल्लेख करते. आल्फा कप्पा आल्फाची भगिनी निवर्तली, की तिला ‘भिंतीपलीकडची आयव्ही’ म्हणतात, आणि तिच्या अंत्यविधीच्या वेळी संघाच्या भगिनी एकत्र येऊन तिला निरोप देतात. डेल्टामध्ये या विधीला ग्रीक वर्णमालेतील अखेरच्या अक्षरावरून ‘ओमेगा ओमेगा’ म्हणतात. वेल भिंतीच्या पलीकडे गेली, तरी मूळ अलीकडेच असते, ही भावना कोणत्याही देशातल्या माणसाला समजेल.

६. दुसरी बाजू

एवढे गौरवाने सांगितल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही. या संघांत, मुलग्यांच्या आणि मुलींच्याही, नव्या उमेदवारांचा छळ होण्याचे प्रकार वारंवार घडले. भगिनीभावाची परीक्षा अपमानाने घ्यायची, ही विकृती अनेक वर्षे परंपरेच्या नावाखाली टिकली. १९९० मध्ये कृष्णवर्णीय संघांच्या परिषदेने उमेदवारीची जुनी पद्धत बंद केली. तरीही तो प्रश्न पुरता सुटलेला नाही.

त्याहून खोल प्रश्न प्रवेशाचा. अलाबामा विद्यापीठात १९६३ मध्ये दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश रोखण्यासाठी खुद्द राज्याचे गव्हर्नर दारात उभे राहिले होते. ती घटना होऊन ५० वर्षे झाली, तेव्हा, म्हणजे २०१३ च्या सप्टेंबरात, तेथील विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने एक बातमी छापली. गौरवर्णीय मुलींच्या संघांत एका गुणवान कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला प्रवेश नाकारला गेला होता. आणि बातमीतला सर्वांत दुःखद भाग हा, की शिकत असलेल्या सभासदांपैकी काहींना ती हवी होती. आड आल्या त्या माजी विद्यार्थिनी. बातमीने खळबळ उडाली, विद्यापीठाने हस्तक्षेप केला आणि त्यानंतर काही कृष्णवर्णीय मुलींना त्या संघांत प्रवेश मिळाला. जी मुलगी आपल्या संघात यावी असे वाटते, तिच्यासाठी उभे राहून बोलण्याचे धैर्य त्या तरुण मुलींनी दाखवले. त्यांच्या वडीलधाऱ्या भगिनींजवळ चिन्हे सारी होती. बेटी लॉकचे धैर्य मात्र त्यांनी कोठे तरी हरवले होते.

आपण यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. हळदीकुंकवासारखा सुंदर, सर्वस्वी स्त्रियांचा असा समारंभ आपल्याकडे आहे. त्यातील अत्तराचा फाया, ओटी, वाण ही चिन्हेच आहेत. आणि याच समारंभात कित्येक पिढ्या आपल्या घरातील विधवा आत्याला, काकूला आतल्या खोलीत बसवले गेले. तबक तिच्यासमोरून पुढे गेले. अलीकडे अनेक घरांनी, अनेक महिला मंडळांनी हे जाणीवपूर्वक बदलले आहे. त्यामुळे हळदीकुंकू मोडले नाही. उलट त्याला पूर्वी नव्हता असा अर्थ आला.

१९९८ मध्ये टेक्सस आणि न्यूयॉर्क राज्यांतील विद्यापीठांत भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांच्या मुलींनी स्वतःचे भगिनीसंघ काढले. कप्पा फाय गॅमा हा त्यांतला पहिला, ऑस्टिन येथील. परक्या देशात आपली भाषा, आपले सण, आपली माणसे यांची ओढ त्यामागे होती. ग्रीक अक्षरांच्या चौकटीत त्यांनी आपला संसार मांडला. १८६७ पासून चालत आलेली गोष्ट अशी पुन्हा एकदा पहिल्या पानापासून सुरू झाली.

समारोप

श्रोतेहो, या इतिहासातून मी एवढेच घेते. चिन्हे निर्माण करतात विद्यार्थी. पण ती सर्वांत जास्त काळ राहतात माजी विद्यार्थ्यांच्या हाती. शाळेत आपण दहा-बारा वर्षे असतो, माजी विद्यार्थी म्हणून पन्नास वर्षे. त्यामुळे चिन्हांचा अर्थ काय राहील, हे मुख्यतः आपल्यावर अवलंबून असते. मिसिसिपीत मोटारी घेऊन जाणाऱ्या स्त्रिया माजी विद्यार्थिनी होत्या, आणि अलाबामात दार अडवणाऱ्याही माजी विद्यार्थिनीच होत्या.

आपल्या शाळेची प्रार्थना, बोधचिन्ह, स्नेहसंमेलनाचा परिपाठ, सारे आपल्याला प्रिय आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा टिकवणे किती कठीण झाले आहे, हे या सभागृहातील प्रत्येकजण जाणतो. वर्गांत आज अशी कितीतरी मुले आहेत, ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही. काही ज्येष्ठांना याची खंत वाटते, आणि ती खंत मी समजू शकते. परंतु त्या मुलाने आपली प्रार्थना आपल्या उच्चारात म्हटली आणि आपला बिल्ला छातीवर लावला, तर ती प्रार्थना आणि तो बिल्ला तितकेच त्याचेही झाले. त्याला चांदीची टोपली देऊन बाजूला बसवू नये. सभासदच करावे.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्या वर्गात हजेरी घेताना नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचे नाव दोनदा विचारून त्याच्या घरच्यासारखे उच्चारून घेत. त्यांची ती रीत शाळेने पुढे चालवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.